हॅनिबलला जरा बाजूला ठेवा: रोम-कार्थेजचा निकाल पहिल्याच युद्धात लागला होता का?

खारेवारे (शुक्रवार, रात्री १०:१२)

रोम आणि कार्थेज (आजच्या ट्युनिसजवळची आफ्रिकेतली दर्यावर्दी सत्ता) म्हटलं की गाडी थेट कार्थेजच्या सेनापतीवर, हॅनिबलवर, जाऊन थांबते. आल्प्स, हत्ती, कॅनीची जिंकलेली लढाई, झामाची हरलेली, संपला विषय. त्याआधी तेवीस वर्षं चाललेलं पहिलं युद्ध (२६४ ते २४१; धाग्यातली जुनी सालं सगळी इ.स.पू. समजा) लोक नमनाचं घडाभर तेल समजून ओलांडून जातात. माझं मत असं की निकाल त्याच युद्धात लागला. हॅनिबलने पुढे जे केलं ते अफाट होतं, पण तो डाव आधीच हरलेल्या बाजूचा होता.

भांडणाचं मूळ तसं किरकोळ. मॅमर्टाइन म्हणवणाऱ्या भाडोत्री शिपायांनी सिसिलीतलं मेसाना (आजचं मेस्सिना) बळकावलं. सिरॅक्यूजच्या हायरोने त्यांना घेरल्यावर त्यांनी कार्थेजपुढेही हात पसरले आणि रोमपुढेही. दोघेही धावून आले. तोवर या दोघांत रीतसर तह होते, व्यापाराच्या हद्दी आखलेल्या होत्या. पण चिंचोळ्या सामुद्रधुनीच्या पलीकडे कार्थेजचं ठाणं रोमला नको होतं.

रोमकडे तेव्हा सांगण्यासारखं आरमार नव्हतं. किनाऱ्यावर रुतलेलं एक कार्थेजी जहाज हाती लागलं, ते नमुना म्हणून समोर ठेवून त्यांनी शंभर क्विन्क्वेरीम आणि वीस ट्रायरीम (वल्ह्यांच्या युद्धनौका, पहिली मोठी, दुसरी लहान) बांधली. रोमन लेखक प्लिनी म्हणतो साठ दिवसांत. जहाजं तयार होईपर्यंत वल्हेकऱ्यांना जमिनीवर बाकं मांडून सराव दिला! आणि २६० साली मायलीला हे नवशिके चक्क जिंकले. मग आरमार वादळात बुडालं, पुन्हा बांधलं, पुन्हा बुडालं, पुन्हा बांधलं. ग्रीक इतिहासकार पॉलिबियसच्या हिशेबाने युद्धभरात रोमची सुमारे ७०० जहाजं गेली आणि कार्थेजची सुमारे ५००. म्हणजे ज्याची जास्त बुडाली तो जिंकला.

तर प्रश्न असा, की पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर्दी असलेली सत्ता समुद्रावरच का हरली? मला वाटतं, कार्थेज युद्धाकडे खर्चाची बाब म्हणून बघायचं आणि परतावा दिसेना की हात आखडता घ्यायचं. रोमला थांबायचं कुठे हेच कळत नव्हतं. बोला.

उपटसुंभ (रात्री १०:१९)

पहिला! हत्ती नसतील तर धागा कशाला वाचायचा? तिकिटाचे पैसे परत करा.

मावळतीकर (रात्री १०:४१)

वाचतोय. तज्ज्ञांच्या प्रतीक्षेत.

अंकुश (रात्री ११:०५)

खारेवारे, काड्या सारायची हौस दांडगी आहे तुमची :)

'आधीच हरलेली बाजू' पंधरा वर्षं शत्रूच्या घरात ठाण मांडून बसते का? हॅनिबल २१८ ला इटलीत उतरला तो २०३ पर्यंत हलला नाही. ट्रेबिया, ट्रासिमीन, कॅनी, दोन वर्षांच्या आत तीन दणके. कॅनीला २ ऑगस्ट २१६ या एका दिवसात रोमन इतिहासकार लिव्हीच्या आकड्याने ४८,००० रोमन पडले, पॉलिबियस तर ७०,००० च्या घरात नेतो. कॉन्सल (वर्षभरासाठी निवडलेला रोमचा सर्वोच्च अधिकारी) पॉलस मेला. मेलेल्या सरदारांच्या बोटांतल्या सोन्याच्या अंगठ्या हॅनिबलचा भाऊ मॅगो याने कार्थेजच्या सिनेटपुढे ओतल्या, ढीग लागला. कापुआ फुटलं, मॅसिडोनियाच्या फिलिपने हॅनिबलशी तह केला, मग सिरॅक्यूजही फिरलं. रोमवर आठ हजार गुलाम विकत घेऊन त्यांना सैन्यात भरती करायची पाळी आली.

निकाल आधीच लागला होता म्हणता, मग ही धावपळ कशाची?

इंजिनरूम (शनिवार, सकाळी ७:५०)

धागा आवडला. मी मर्चंट नेव्हीत आहे, सिसिलीच्या दक्षिणेने बरेचदा गेलोय, तेव्हा समुद्राच्या बाजूने दोन गोष्टी.

पहिली, मायली. रोमनांना जहाज वळवून शत्रूच्या कुशीत घुसवण्याची कला येत नव्हती, ती काही महिन्यांत येतही नाही. मग त्यांनी समुद्रावरच्या लढाईची जमिनीवरची लढाई केली. नाळेवर (जहाजाच्या पुढच्या टोकावर) चोवीस फुटी खांब उभा, त्याला छत्तीस फूट लांब आणि चार फूट रुंद फळ्यांचा पूल जोडलेला, दोन्ही कडांना गुडघ्याएवढा कठडा. पुलाच्या टोकाला खालून मुसळासारखा लोखंडी खिळा. दोराने पूल उचलून धरायचा, शत्रूचं जहाज जवळ आलं की सोडायचा. खिळा समोरच्या डेकमध्ये रुततो आणि दोन जहाजं एकमेकांना चिकटतात. पुढचे दोघे ढाली समोर धरून पळत जातात, मागचे ढालींच्या कडा कठड्यावर टेकवून बाजू सांभाळतात. एकदा पलीकडे पोचले की तिथे वल्हेकरी काय करणार? याला कॉर्व्हस म्हणत, कावळा. कार्थेजवाल्यांनी हे लोढणं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना ते काय आहे हे कळेना, आणि हे नवखेच आहेत म्हणून ते सरळ अंगावर चालून आले. कावळा पडला तेव्हा कळलं.

दुसरी गोष्ट, २५५ चं वादळ. आफ्रिकेतून परतणारं रोमन आरमार कामारिनाजवळ सापडलं. पॉलिबियसच्या आकड्यांप्रमाणे ३६४ जहाजांतली ८० उरली. तांडेलांनी आधीच बजावलं होतं, की या ऋतूत सिसिलीच्या दक्षिण किनाऱ्याने जाऊ नका, तिथे आसऱ्याला धड बंदर नाही. कॉन्सलांना वाटेतली शहरं घाबरवून ताब्यात घ्यायची होती, त्यांनी ऐकलं नाही. त्या किनाऱ्यावर नैऋत्येचा वारा सुटला की आजही नको वाटतं, आणि आमच्या पायाखाली हजारो अश्वशक्तीचं इंजिन असतं. त्यांचं इंजिन म्हणजे एका जहाजात तीनशे वल्हेकरी. शिवाय नाळेवर तो पूल. त्यामुळे जहाजं नाकजड झाली असावीत असा तर्क अभ्यासक करतात. २५६ च्या एक्नोमसच्या लढाईनंतर कावळ्याचा उल्लेख गायब होतो तो बहुधा त्यामुळेच.

म्हणून खारेवारेंना एक प्रतिप्रश्न. कार्थेज समुद्रावर 'हरलं' असं म्हणताना रोमचं निम्मं नुकसान वाऱ्याने केलं हे धरताय ना? दर्यावर्दी म्हणून कार्थेजवाले शेवटपर्यंत सरस होते.

फळाखडू (शनिवार, सकाळी ९:३०)

इंजिनरूम, सुंदर प्रतिसाद. आमच्या वर्गात कावळ्याचं चित्र फळ्यावर काढलं की मागच्या बाकांवरची मुलंही पुढे यायची.

सरसपणाच्या मुद्द्याला पुष्टी म्हणून २४९ चं ड्रेपाना (आजचं ट्रापानी) घ्या. कॉन्सल पब्लियस क्लॉडियस पुल्कर पहाटे हल्ला करायला निघाला. लढाईआधी पवित्र कोंबड्यांपुढे दाणे टाकायचे, त्यांनी खाल्ले तर शकुन चांगला. कोंबड्या खाईनात. हा म्हणाला, खात नाहीत तर पिऊ देत, आणि त्यांना समुद्रात फेकून दिलं. त्या दिवशी रोमची ९३ जहाजं शत्रूच्या हाती लागली.

पुढचा भाग वर्गात सांगत नसे. त्याची बहीण क्लॉडिया काही वर्षांनी रोमच्या रस्त्यात गर्दीत अडकली आणि मोठ्याने म्हणाली, माझा भाऊ जिवंत असता तर बरं झालं असतं, आणखी एक आरमार बुडवून त्याने ही गर्दी कमी केली असती. बाईंवर खटला भरला आणि दंड झाला.

उपटसुंभ (शनिवार, सकाळी ९:३४)

क्लॉडियाबाई संध्याकाळी साडेसहाला दादरला उतरल्या असत्या तर दंड किती झाला असता?

आणि कोंबड्यांची बाजू कुणी विचारात घेतली का? समुद्रावर कुठल्या कोंबडीला भूक लागते!

खातेवही (शनिवार, सकाळी ११:१५)

क्लॉडियाबाईंच्या बोलण्याला हिशेबाचा आधार आहे. रोमची शिरगणती उपलब्ध आहे, २५२ साली प्रौढ पुरुष नागरिक २,९७,७९७ आणि २४७ साली २,४१,७१२. सगळेच बुडाले असं नव्हे, काही मोजणीतून सुटले असतील. पण आकडा बोलका आहे.

मी आयुष्य ताळेबंद तपासण्यात घालवलं, त्यामुळे मला या युद्धाची शेवटची काही वर्षं सगळ्यात रंजक वाटतात. दोन्ही तिजोऱ्या रिकाम्या. कार्थेजने इजिप्तच्या दुसऱ्या टॉलेमीकडे २,००० टॅलंटचं (टॅलंट म्हणजे तेव्हाचं चांदी मोजायचं वजन) कर्ज मागितलं. त्याने नकार दिला, दोघेही माझे मित्र आहेत, मित्राविरुद्ध मित्राला मदत कशी करू. (हे कर्ज नाकारण्याचं जगातलं सगळ्यात सभ्य कारण असावं.) रोमने काय केलं? सरकारकडे दमडी नव्हती, तेव्हा पैसेवाल्या नागरिकांनी ऐपतीप्रमाणे एकेकट्याने किंवा दोघा-तिघांत मिळून एकेक क्विन्क्वेरीम बांधून दिली. परतफेड कधी? जिंकलो तर. २०० जहाजं अशी उभी राहिली.

तारण काही नाही, व्याजाचं नाव नाही. मी तपासनीस असतो तर असं कर्ज एका मिनिटात अनुत्पादित म्हणून शेरा मारला असता. खारेवारेंचा मुद्दा मला इथे पटतो. कार्थेजमधले श्रीमंत याच काळात काय करत होते? थोरला हॅन्नो म्हणवणारा पुढारी आफ्रिकेत आत थेव्हेस्टपर्यंत मुलूख जिंकत होता. त्याच्या गटाला जमिनीत रस होता, सिसिलीत लढणाऱ्या हॅमिल्कार बार्काला (हॅनिबलचा बाप) पैसा पाठवण्यात नव्हता. आरमार वापराविना पडून राहिलं, खलाशी पांगले.

इंजिनरूम (शनिवार, दुपारी १२:०२)

आणि त्याचा परिणाम १० मार्च २४१ ला दिसला. एगाटेस बेटांची लढाई. हॅमिल्कारच्या फौजेसाठी धान्य घेऊन कार्थेजचं आरमार आलं, सगळ्यात पश्चिमेच्या बेटाआड वाऱ्याची वाट बघत थांबलं. योजना अशी की आधी धान्य उतरवायचं, मग हॅमिल्कारचे कसलेले शिपाई जहाजांवर घ्यायचे आणि मग लढायचं. त्या दिवशी वारा पश्चिमेचा, म्हणजे त्यांच्या पाठीशी, समुद्र खवळलेला. रोमन कॅटुलसपुढे पेच होता. उलट्या वाऱ्यात लढायचं की हे जड आहेत तोवर गाठायचं? तो निघाला. त्याने डोलकाठ्या, शिडं, नको ते सामान आधीच उतरवून ठेवलं होतं. समोरची जहाजं धान्याने खाली बसलेली, वल्हेकरी नवे, शिपाईही घाईने भरलेले. पन्नास बुडाली, सत्तर सापडली.

भरलेलं जहाज आणि रिकामं जहाज यांच्या वळण्यातला फरक ज्याने सुकाणूवर अनुभवलाय त्याला या लढाईत आश्चर्य वाटणार नाही.

तळटीप (शनिवार, दुपारी ३:४०)

सगळे पॉलिबियसचे आकडे इतक्या विश्वासाने फेकताय म्हणून थोडं थंड पाणी.

पॉलिबियस हा रोममध्ये ओलीस म्हणून आणलेला ग्रीक, स्किपिओ घराण्याच्या आश्रयाने राहिलेला. पहिल्या युद्धानंतर शंभरेक वर्षांनी लिहितोय. त्याच्यापुढे रोमन फेबियस पिक्टर होता आणि कार्थेजकडे झुकणारा सिसिलीचा फिलिनस होता, दोघेही आपापल्या बाजूचे आंधळे असं तोच म्हणतो. दोन्ही मूळ ग्रंथ आज नाहीत. कार्थेजवाल्यांनी स्वतः लिहिलेला इतिहास तर औषधालाही शिल्लक नाही. १४६ ला शहर पडलं तेव्हा तिथली ग्रंथालयं रोमनांनी आफ्रिकेतल्या छोट्या राजांना वाटून टाकली. एकच ग्रंथ सिनेटने मुद्दाम ठेवून घेतला आणि लॅटिनमध्ये आणवला, मॅगो नावाच्या दुसऱ्याच एकाचे शेतीवरचे २८ भाग. शत्रूचा इतिहास नको, द्राक्षाची लागवड कशी करायची ते मात्र हवं!

तेव्हा 'कार्थेज खर्चाचा विचार करायचं' वगैरे स्वभावचित्रं रोमन चष्म्यातून आलेली आहेत. नफेखोर व्यापारी विरुद्ध कणखर शेतकरी ही मांडणी जिंकणाऱ्याला सोयीची असते.

खारेवारे (शनिवार, संध्याकाळी ६:२०)

तळटीप, चष्म्याचा मुद्दा मान्य, म्हणून असा पुरावा देतो जो कुणी लिहून ठेवलेला नाही.

एगाटेस बेटांपैकी लेव्हान्झोच्या वायव्येला, साधारण ८० मीटर खोल समुद्रतळावर, या शतकात शोधमोहीम झाली. नाळेवर बसवायची टकरीची कांस्य धातूची तोंडं वीसहून जास्त निघाली आहेत. मालवाहू मडकी आणि शिरस्त्राणंही. म्हणजे लढाई तिथेच झाली याबद्दल आता वाद नाही. रोमन तोंडांवर लेख कोरलेत. कोणाचा पराक्रम, कुठली देवता? छे. अमुक क्वेस्टरने (खजिन्याच्या अधिकाऱ्याने) हा माल तपासून पसंत केला, एवढंच. सरकारी शिक्का! कार्थेजी तोंडावरच्या लेखात मात्र बआल देवाचा धावा आहे.

आता खरी गंमत. सापडलेल्या तोंडांत रोमन घडणीची जास्त आहेत, जिंकणाऱ्याची. एक स्पष्टीकरण असं, की ड्रेपानाला पकडलेली रोमन जहाजं कार्थेज वापरत होतं. तसं असेल तर शेवटच्या लढाईत कार्थेजकडे स्वतःची पुरेशी नवी जहाजं नव्हती, आणि रोमन शिक्क्याची जहाजं रोमन जहाजांनीच बुडवली. हॅन्नोच्या काळात आरमार दुर्लक्षित झालं हे मग निव्वळ रोमन बदनामी म्हणून सोडून देता येत नाही.

तळटीप (शनिवार, संध्याकाळी ६:४५)

हे चांगलं आहे. 'तसं असेल तर' एवढं मात्र ठळक करा.

मावळतीकर (शनिवार, रात्री ८:१०)

थोडं अवांतर. खातेवहींनी ज्या टॉलेमीने कर्ज नाकारलं म्हणून सांगितलं तो आपल्या ओळखीचा निघाला. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात (गिरनार, शाहबाझगढी वगैरे) पाच यवन राजांची नावं आहेत, त्यातला 'तुरमाय' हाच. 'मग' म्हणजे त्याचा सावत्र भाऊ, सायरीनीचा मॅगास, ज्याचा मुलूख कार्थेजच्या हद्दीला पूर्वेकडून भिडायचा. म्हणजे सिसिलीत ही मारामारी चालू असताना कलिंगानंतरचा अशोक धम्मविजयाच्या गोष्टी कोरत होता. आमच्या नालासोपाऱ्याला याच लेखमालेतल्या आठव्या-नवव्या लेखांचे तुकडे मिळाले. रोम आणि कार्थेज मात्र त्या यादीत नाहीत. पाटलीपुत्राहून पाहिलं तर नजर ग्रीक राजांपर्यंत पोचत होती, पुढची दोघं गल्लीतली भांडणं करत होती :)

आणखी एक धागा. सिरियाचा तिसरा अँटायोकस २०६ च्या सुमारास काबूलच्या बाजूला आला, सुभागसेन नावाच्या भारतीय राजाशी मैत्री नव्याने करून हत्ती घेऊन गेला. दहाएक वर्षांनी परागंदा हॅनिबल आश्रयाला गेला तो याच अँटायोकसकडे.

उपटसुंभ (शनिवार, रात्री ८:१२)

हत्ती आले! पैसे वसूल.

वळचण (रविवार, सकाळी १०:२५)

नवऱ्याच्या कामामुळे आम्ही काही काळ ट्युनिसला होतो. कार्थेज आता ट्युनिसचं उपनगर आहे, चांगलं महागडं, बंगल्या-बोगनवेलीचं. शहरातून एक लोकल जाते, तिच्या स्टेशनांची नावं बघा: कार्थेज सालाम्बो, कार्थेज बिर्सा, कार्थेज हॅनिबल. तेव्हा पाच दिनारच्या नोटेवरही हॅनिबल होता. पहिल्या आठवड्यात मला फार अप्रूप होतं, नंतर मीही 'हॅनिबलला उतर, तिथे भेटू' असं फोनवर सहज सांगू लागले.

ते जगप्रसिद्ध युद्धबंदर, गोल, मध्ये बेट, अ‍ॅपियनच्या वर्णनाप्रमाणे २२० जहाजांच्या गोद्या असलेलं, आज एक शांत तळं आहे. भोवती घरं, कडेला गळ टाकून बसलेली पोरं. बाहेरून येणाऱ्याला आतली जहाजं दिसू नयेत म्हणून तेव्हा दुहेरी भिंत होती म्हणे. आता काठावर फेरफटका मारायला जेमतेम काही मिनिटं लागतात.

मला जास्त भिडली ती बिर्सा टेकडी. रोमनांनी नंतर आपलं शहर वसवताना टेकडीचा माथा छाटून सपाट केला आणि भराव उतारावर लोटला. त्या भरावाखाली कार्थेजी घरांची अख्खी गल्ली गाडली गेली म्हणूनच ती वाचली. घरं छोटी, एकाला एक लागून, आणि प्रत्येक घराखाली पावसाचं पाणी साठवायचं टाकं. गच्चीवरचं पाणी टाक्यात. भिंतींना गिलावा, जमिनीत पांढरे खडे बसवलेले. उभं राहिलं की समोर आखात आणि पलीकडे बू कोर्नीनचा दोन शिखरांचा डोंगर. युद्धं वगैरे डोक्यातून जातात, वाटतं इथल्या बाईला या टाक्यातून पाणी शेंदायला किती वेळा वाकावं लागत असेल.

उपटसुंभ (रविवार, सकाळी १०:४०)

वळचणताई, रोमनांनी तिथे मीठ पेरलं होतं ना? बोगनवेल कशी आली?

फळाखडू (रविवार, सकाळी ११:१०)

मीठ पेरल्याचा उल्लेख एकाही प्राचीन ग्रंथात नाही. ती अलीकडच्या काळातली भर आहे. उलट तो प्रदेश पुढे रोमचं धान्याचं कोठार झाला, तिथे कोण मीठ घालेल? पाठ्यपुस्तकांबाहेर मात्र ही गोष्ट मरत नाही.

अंकुश (रविवार, दुपारी १:३०)

तळी, टाकी, कोंबड्या झाल्या, आता मूळ प्रश्नावर या.

खारेवारे, तुमचा युक्तिवाद असा की रोमकडे माणसांचा न आटणारा साठा होता म्हणून शेवट ठरलेला होता. पॉलिबियसने २२५ सालची यादी दिली आहे, रोम आणि मित्रांची मिळून ७,००,००० पायदळ आणि ७०,००० घोडदळ. पण तो साठा आटत आला होता! २०९ साली तीस लॅटिन वसाहतींपैकी बारांनी सरळ सांगितलं, आता आमच्याकडे ना माणसं ना पैसा, यापुढे मागू नका. परके नव्हेत, रोमच्या सगळ्यात जवळचे. हॅनिबलने रोमला त्या कड्यापर्यंत नेलं होतं. २०७ ला मेटॉरस नदीवर त्याचा भाऊ हस्द्रुबाल याची फौज निसटून हॅनिबलला मिळाली असती तर? तिथे तर ऐन वेळी कॉन्सल नीरो (तो सम्राट नव्हे) दिवसरात्र चालून गेला म्हणून जमलं. एका माणसाच्या पायपिटीवर जे टांगलेलं होतं ते २४१ साली कसं ठरलेलं असेल?

आणि 'कॅनीनंतर रोमवर का नाही गेला' हा प्रश्न कृपया कुणी विचारू नका. तटबंदीचं शहर, वेढ्याची यंत्रं नाहीत, वाटेत चारशे किलोमीटर. हॅनिबलचा घोडदळाचा सरदार महार्बल याचा 'तुला जिंकता येतं, विजय वापरता येत नाही' हा टोमणा गाजला, पण महार्बलला जखमी-दमलेल्या फौजेला खायला घालायचं नव्हतं.

खातेवही (रविवार, दुपारी २:०५)

बारा वसाहतींचा मुद्दा वजनदार आहे. वाट बघतोय.

खारेवारे (रविवार, रात्री ९:००)

अंकुश, मुद्दा तुम्ही जोरात मांडलात. पण एक सांगा, हॅनिबल आल्प्सवरून का गेला?

हौस म्हणून कुणी तसं करत नाही. ऱ्होन ओलांडल्यावर त्याच्याकडे ३८,००० पायदळ आणि ८,००० हून जास्त घोडेस्वार होते, इटलीत उतरला तेव्हा २०,००० आणि ६,०००. हा शेवटचा आकडा त्याने स्वतः लॅसिनियमच्या देवळात कोरून ठेवला होता आणि पॉलिबियसने तो वाचला. मधली माणसं डोंगरात गेली. कार्थेजहून सिसिली हाकेच्या अंतरावर, तरी हा माणूस स्पेनमधून पायी निघाला, कारण सिसिली २४१ ला गेलं होतं. सार्डिनिया तर त्याहून वाईट पद्धतीने गेलं. पगार थकला म्हणून भाडोत्री फौजांनी बंड केलं, कार्थेज त्यात तीनेक वर्षं होरपळत होतं, ती संधी साधून रोमने बेट लाटलं आणि वर १,२०० टॅलंट मागितले. पॉलिबियससारखा रोमप्रेमीसुद्धा याचं समर्थन करत नाही. मधली बेटं रोमची, समुद्र रोमचा. इटलीत पंधरा वर्षं असलेल्या सेनापतीला घरून मोठी अशी कुमक पोचली ती एकदाच, २१५ ला लोक्रीत. कॅनीनंतर त्याची घोडी अडली ती इथे.

बारा वसाहतींचं म्हणाल, तर अठरांनी नकार दिला नाही, त्यांच्या जोरावर पुढची वर्षं निघाली. आणि २०४ ला सिनेटने त्या बारांना बोलावून घेतलं, शत्रू इटलीत आल्यापासून जास्तीत जास्त जितके शिपाई दिले असतील त्याच्या दुप्पट द्या म्हणून सांगितलं. हॅनिबल तेव्हा इटलीतच होता. त्यांनी रडतखडत दिले.

अंकुश (रविवार, रात्री ९:४०)

दुप्पट वसूल करता आली कारण तोवर मेटॉरस होऊन गेलं होतं आणि रोमन सेनापती स्किपिओने स्पेन घेतलं होतं. २०९ ला असं मागायची सिनेटची छाती झाली नाही, त्या बारांचं नावही काढायचं नाही असं तेव्हा ठरलं. चार-पाच वर्षांत जे बदललं ते रणांगणावर बदललं, त्याचा २४१ शी संबंध नाही. सिसिली गेल्याने हॅनिबलचं काम अवघड झालं एवढं मान्य करतो. अशक्य झालं होतं हे नाही.

इंजिनरूम (रविवार, रात्री १०:१५)

मी खारेवारेंच्या बाजूला सत्तर टक्के. समुद्र हातात नसेल तर परक्या मुलखातली फौज दर हिवाळ्यात थोडी थोडी झिजते. पण २०९ ला बारांऐवजी वीस वसाहती असत्या तर आपण हा धागा उलट्या शीर्षकाने वाचत असतो.

मावळतीकर (रविवार, रात्री १०:५०)

आणि तिसरं युद्ध? खारेवारेंनी त्याचं नावही काढलं नाही.

फळाखडू (सोमवार, सकाळी ८:४०)

ते गाळलं यात चूक काही नाही, लढाई म्हणून त्यात दम नव्हता. पण वाचताना पोटात ढवळतं.

२०१ च्या तहात १०,००० टॅलंटची खंडणी ठरली होती, पन्नास वर्षांच्या हप्त्यांत, शिवाय रोमच्या परवानगीविना युद्ध करायचं नाही. कार्थेजने हप्ते इमानाने भरले. १९१ ला तर उरलेली सगळी रक्कम एकदम भरतो म्हणाले, रोमने घेतली नाही. हप्ते संपले की लगाम संपला. ते १५१ ला संपले, आणि १४९ ला युद्ध. मधल्या काळात शेजारच्या न्यूमिडियाचा राजा मॅसिनिसा कार्थेजची जमीन कुरतडत राहिला, रोम प्रत्येक तक्रारीत त्याच्या बाजूने, आणि शेवटी कार्थेजने परवानगीविना हत्यार उचललं तेव्हा कारण आयतं मिळालं. केटो या सिनेटरने सिनेटमध्ये कार्थेजची ताजी अंजिरं दाखवून सांगितलंच होतं, शत्रू तीन दिवसांवर आहे.

कार्थेज शरण आलं. ओलीस म्हणून तीनशे मुलं मागितली, दिली. शस्त्रं मागितली, दोन लाख माणसांची शस्त्रं आणि दोन हजार गोफणयंत्रं दिली. सगळं हातात आल्यावर शेवटची अट सांगितली: शहर सोडा, समुद्रापासून दहा मैल आत जाऊन राहा. तेव्हा ते लढायला उठले. यंत्रांच्या दोरांसाठी बायकांनी केस कापून दिले. तीन वर्षं टिकले. पन्नास हजार जिवंत निघाले, ते गुलाम म्हणून विकले गेले.

खातेवही (सोमवार, सकाळी ९:०५)

मुदतपूर्व परतफेड नाकारणारा धनको! याचा अर्थ पैसा कधी हवाच नव्हता.

उपटसुंभ (सोमवार, सकाळी ९:२०)

गंभीर झालं वातावरण. शांतता कधी झाली म्हणे शेवटी?

वळचण (सोमवार, सकाळी ११:००)

फेब्रुवारी १९८५. रोमच्या आणि कार्थेजच्या महापौरांनी मैत्रीच्या करारावर सह्या केल्या. चेष्टा नाही, खरंच.

उपटसुंभ (सोमवार, सकाळी ११:०३)

सरकारी कामाला वेळ लागतोच.

तळटीप (सोमवार, दुपारी १२:३०)

खारेवारे, ती टकरीची तोंडं बघायला मिळतात का कुठे, की गोदामात कुलूपबंद?

इंजिनरूम (सोमवार, दुपारी १:१५)

मिळतात. फाविन्याना बेटावर, जुन्या ट्यूना माशांच्या कारखान्यात संग्रहालय केलंय तिथे. ट्रापानीहून फेरीबोट असते. समुद्र शांत असेल तरच जा, आणि जाताना पोटभर खाऊ नका.